डेल्मसच्या खालचा सूर

पाच जणांच्या गाण्यात बॅरिटोन, म्हणजे मधल्यांतला खालचा आवाज, हा भाजीतलं मीठ. आहे तोवर कुणी नाव काढत नाही, नसलं की सगळे तोंड वाकडं करतात. मी बॅरिटोन. तेव्हा आता जे सांगतो ते जरा कुरकुरत सांगितलं तर समजून घ्या; तरुणपण दुसऱ्याच्या सुराखाली उभं राहून काढलं की माणसाचा स्वभाव असाच होतो. माझी बायको व्हर्लीन म्हणते, स्वभाव तुझा आधीपासूनच असा होता, उगाच बॅरिटोनला बदनाम करू नकोस.

चोपन्न साली आमच्या बाल्टिमोरात कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक टोळकं गात असायचं. वाद्यं कुठली असायला? पाच गळे आणि दहा बोटांच्या चुटक्या, एवढंच भांडवल. टोळक्याला पाखराचं नाव द्यायचं असा रिवाजच पडला होता, आणि आम्ही नाव शोधायला निघालो तोवर गोड गळ्याची सगळी पाखरं लोकांनी पळवली होती. उरली टिटवी. एल्सवर्थ म्हणाला, टिटवी ओरडणारी का असेना, कोंबडीपेक्षा बरी. टिटवीला आमच्याकडे किलडियर म्हणतात; झालं, आम्ही 'किलडियर्स' झालो. हा एल्सवर्थ आमचा बास, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज. वॉर्डेल पुढे उभा राहून शब्द म्हणायचा आणि पोरींकडे बघायचा. मधे ओथा आणि मी. आणि सगळ्यांच्या वर, छपराजवळ कुठेतरी, आमचा टेनर, माझा धाकटा भाऊ डेल्मस.

डेल्मस तेव्हा सतरा वर्षांचा होता. काडीसारखा अंगाने, सदरा कायम दोन मापं मोठा, कारण तो माझा जुना असायचा. जिन्याखाली आवाज छान घुमतो म्हणून आम्ही चांभाराच्या दुकानामागच्या जिन्याखाली सराव करायचो. तिथे तो वर चढायला लागला की चांभार हातोडी खाली ठेवायचा. मी त्याच्याशी घरी रोज भांडायचो, अंथरुणावरून, सदऱ्यावरून, कशावरूनही. पण तो गायला लागला की मला त्याचा राग धरताच येत नसे. माझा आवाज त्याच्या पायाखालची फळी होता, आणि ते मला मनापासून आवडायचं. हे त्याला मी कधी सांगितलं नाही. भाऊ भावाला असलं काही सांगतो थोडंच.

एका रेडिओच्या दुकानवाल्याने हौसेने तबकड्या काढायला सुरुवात केली होती. त्याने आम्हांला मागच्या खोलीत नेलं. पाच जणांत एक माईक. वॉर्डेल माईकच्या तोंडाशी, डेल्मस सोड्याच्या खोक्यावर उभा, आणि मला तो मालक म्हणत राहिला, तू रे उंच, मागे हो, अजून मागे. शेवटी मी कोटांच्या खुंटीत जाऊन अडकलो. कुणाच्यातरी ओल्या कोटाचा वास घेत मी माझं जन्मातलं एकमेव रेकॉर्डिंग केलं. गाण्याचं नाव 'लोरीन'. लोरीन कोण ते आम्हां पाचांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दोनशे तबकड्या निघाल्या, इथल्या रेडिओवर आठ-नऊ दिवस वाजल्या, आणि मग जग पुढच्या पाखराकडे वळलं.

पुढच्या वर्षीच्या थंडीत डेल्मस गेला. आम्हां काळ्या लोकांत असतो तो रक्ताचा आजार, सांधे धरतात तो. लहानपणापासून होताच, पण त्या वेळी त्याने उठू दिलं नाही. चार दिवस.

आईने रेकॉर्ड प्लेअर घेतला होता तो डेल्मसच्याच हट्टाने. जाडजूड खोका, आणि सुईचा हात असा जड की उचलताना मनगट भरून यावं. डेल्मस गेल्यावर ती रोज संध्याकाळी लोकांच्या कपड्यांची इस्त्री आटोपली की 'लोरीन' लावायची. एकदाच. ऐकायची, पुसायची, ठेवून द्यायची. रविवारी चर्चमधून आल्यावर दोनदा. काही महिन्यांनी सुई उड्या मारायला लागली, आणि मेली उडायची तीही नेमक्या त्या जागी, जिथे दुसरं कडवं संपतं, सगळे गप्प होतात आणि डेल्मस एकटा वर जातो. आई म्हणाली, बघ रे, काहीतरी कर. मग मी गल्लीत सगळे करायचे तेच केलं. प्लेअरच्या हातावर पाच सेंटचं नाणं ठेवलं आणि वरून चिकटपट्टी मारली. वजन पडलं, सुई गुमान चालायला लागली. आई खूश, मी खूश.

वजनाने सुई खोल रुतते आणि तबकडी खरवडत जाते, हे आम्हांला कोण सांगणार? आणि खरवडताना आधी काय जातं, तर वरचे सूर. पहिल्या वर्षी डेल्मसच्या आवाजात वाळू आली. दुसऱ्या वर्षी तो भिंतीपलीकडून गातोय असं वाटायला लागलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या जागी नुसती सळसळ उरली, आणि एल्सवर्थ मात्र खाली ठणठणीत. भाऊ एकदा आजाराने गेला आणि दुसऱ्यांदा माझ्या हाताने. एक दिवस आईने तबकडी लावणं बंद केलं. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीस-बत्तीस वर्षं मी ती गोष्ट पोटात ठेवली. व्हर्लीनलासुद्धा कळू दिलं नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय असतं ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा.

तर एक्क्याण्णव साली, मी तोवर सत्तावन्न वर्षांचा, सिटी बसचा ड्रायव्हर, गुडघे गेलेले, आणि फोन वाजला. पलीकडे कुणी एमिल ट्रापासो, न्यू जर्सीचा, निवृत्त पोस्टमन. म्हणाला, फोनच्या पुस्तकातले टिब्ज आडनावाचे अकरा जण झाले, तुम्ही बारावे, तुम्ही किलडियर्सपैकी का? मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. मग त्याने 'लोरीन'चं नाव घेतलं आणि मी खुर्ची ओढून बसलो.

या एमिलसारखी माणसं असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. अख्खा जन्म टपाल वाटलं आणि सुट्टीच्या दिवशी बंद पडलेल्या दुकानांची तळघरं उपसली. कुणाला न आठवणारी टोळकी शोधायची, ती कोण, कुठली, कुणी काय म्हटलं, ते एका वहीत लिहायचं, आणि मग तसल्याच दुसऱ्या वेड्यांसाठी एक छोटं मासिक छापायचं. विल्मिंग्टनला एका दुकानाच्या जिन्याखाली त्याला 'लोरीन'ची एक प्रत सापडली होती. कधीच न वाजवलेली. सुईने स्पर्श न केलेली. तो ते असं बोलत होता की मला लाज वाटायला लागली.

मासिकात त्यांनी आमची नावं आधीच छापली होती, वॉर्डेलने मरायच्या आधी कुणालातरी सांगितलेली. एमिलने ती फोनवर वाचून दाखवली. वॉर्डेल, एल्सवर्थ, ओथा, मी. आणि पुढे: वरचा टेनर, अज्ञात.

माझं डोकं फिरलं. वॉर्डेलला माझ्या भावाचं नाव आठवलं नाही! आमच्या आईच्या हातची पावासारखी गरम बिस्किटं आणि रस्सा खाऊन वाढलेला माणूस. मी एमिलला नको नको ते बोललो, त्या बिचाऱ्याचा काय दोष. तो सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाला, "मिस्टर टिब्ज, म्हणूनच फोन केलाय. ते नाव मला लिहायचंय."

नाव सांगणार, मी म्हणालो, पण एका अटीवर. ती तबकडी इथे आण. माझ्या आईच्या खोलीत ती फिरली पाहिजे. तो चाचरला. म्हणाला, टेप करून पाठवतो, आवाज तोच. वाजवली की झिजते हो, मी ती आजवर एकदाच वाजवलीय. मी म्हटलं, मग तिच्यावर कपबशी ठेवायची का? माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने पोराचा आवाज ऐकून तीसाहून जास्त वर्षं झाली. ती गेल्यावर तुझ्या त्या न झिजलेल्या तबकडीला काय अर्थ?

पुढच्याच रविवारी तो आला.

आम्ही नुकतेच चर्चमधून परतलो होतो. व्हर्लीनने बटाट्याचं सॅलड केलं होतं आणि कोपऱ्यावरून लेक ट्राउट नावाचा तळलेला मासा आणला होता, जो ना तळ्यातला असतो ना ट्राउट, पण आम्हांला तोच लागतो. एमिल ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा. एका हातात स्वतःचा प्लेअर, आणि तबकडी कोटाच्या आत छातीशी धरलेली. तीन तासांच्या रस्त्यात गाडीचा हीटर लावला नाही म्हणे, तबकडीला धग नको म्हणून. व्हर्लीनने त्याच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं आणि आधी त्याला खायला बसवलं. माझ्या कानात म्हणाली, तुझ्याहून येडा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.

खाणं झाल्यावर त्याने आमची जुनी प्रत बघायला मागितली. आईने ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. त्याने ती कडेने धरली, उजेडात तिरकी केली, आणि त्याचा चेहरा पडला. तबकडी काळी राहिलीच नव्हती, राखाडी झाली होती. "नाणं ठेवलं होतं कुणीतरी," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "कुणी असा अन्याय केला?"

व्हर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं पुरतं. जाताना ती माझ्या पाठीवर हात ठेवून गेली.

आई खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती, चर्चची टोपी अजून डोक्यावरच. तिला सांगितलं होतं की एक गृहस्थ डेल्मसचं गाणं घेऊन येणार आहेत. रात्रभर झोपली नव्हती. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मी जे पुसलं ते एकदा तिच्या कानांत परत घालायचं, बस्स. तेवढं झालं की मी सुटलो.

एमिलने तबकडी ठेवली, फुंकर मारली, सुई अशी अलगद टेकवली की टेकल्याचं कळलंही नाही. आणि चौघं 'ऊ' म्हणून उठले आणि वर डेल्मस.

मी तयारी केली होती, पण असल्याला तयारी काय कामाची. तो तिथेच होता. वाळू नाही, भिंत नाही. खोक्यावर उभा, माझ्या सदऱ्यात, सतरा वर्षांचा. मला त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. दुसरं कडवं संपलं, सगळे थांबले, खाली मी एक सूर धरून ठेवला आणि तो एकटा वर गेला, वर, वर, आणि मी सत्तावन्न वर्षांचा बाप्या तोंडावर हात ठेवून रडायला लागलो. मला तो हवा होता. इतक्या वर्षांनी, अगदी काल गेल्यासारखा मला तो हवा होता.

गाणं संपलं. मी आईकडे बघितलं. ती तशीच पुढे वाकून बसली होती, वाट बघत. तिने तबकडी थांबलेली पाहिली आणि माझ्याकडे वळली.

"तो आलाच नाही रे," ती म्हणाली.

मला कळेना. एमिलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आवाज वाढव. त्याने वाढवला. त्याची ती न झिजलेली तबकडी दुसऱ्यांदा वाजली, आणि त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. खिडकीच्या काचा थरथरल्या. डेल्मस खोलीभर होता, आणि आई मान हलवत होती. नाही. नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं असं वाटलं. आईला टेलिफोनची घंटा ऐकू येत नाही, पण माझी बस कोपऱ्यावर वळली की कळते. माझं बोलणं समजतं, व्हर्लीनचं नाही. व्हर्लीनला कित्येक वर्षं वाटायचं की सासू मुद्दाम करते. कानाच्या डॉक्टरने मला सांगितलं होतं, म्हातारपणी वरचे आवाज आधी जातात. मी मान डोलावून घरी आलो होतो. सुरांत वाढलेला माणूस मी, आणि मला वाटलं, मोठ्याने लावलं की झालं.

तबकडी होती तिथे कान नव्हते. कान होते तेव्हा मी तबकडी खाल्ली.

मी तिच्या खुर्चीशी खाली बसलो, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि तिच्या कानाशी सगळं सांगून टाकलं. नाणं मी ठेवलं होतं आई. त्याने तबकडीतला तो गेला. मीच घालवला. व्हर्लीन, एमिल, सगळे ऐकत होते. ऐकू देत.

आई म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं? मीच म्हटलं होतं ना, काहीतरी कर म्हणून. तू नाणं ठेवलंस, रोज लावत तर मी होते." आणि मग, माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा सोडून, मलाच विचारायला लागली. एल्सवर्थ तर ऐकू आला. वॉर्डेलही जरासा. पण त्यांच्यात तो आणखी एक कोण आहे? सारखा एकाच जागी धरून बसलेला?

"तो मी, आई."

"तू?" तिने टोपीखालून माझ्याकडे नीट बघितलं. "एवढी वर्षं लावली मी ती. तू कधी ऐकू नाही आलास."

खरं सांगतो, मला राग आला. या वयात, भाऊ मातीत गेल्याला पस्तीस वर्षं झाल्यावर, मला त्याचा हेवा वाटला आणि आईचा राग आला. तुला ऐकायचंच कुठे होतं, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. कारण तिचा चेहरा मघासारखाच होता, वाट बघणारा, आणि त्या चेहऱ्यासमोर माणूस काय भांडणार.

एमिल सुई उचलून उभा होता. म्हणाला, पुन्हा लावू का? आईने हात हलवून नको म्हटलं. मला म्हणाली, "तू म्हण."

"डेल्मसचं?"

"त्याचं तुला जमायचं नाही. तुझं म्हण."

आता बॅरिटोन एकट्याने कुणी म्हणत नाही. ते गाणंच नसतं. दोन-तीन सूर, शब्द नाहीत, नुसतं ऊ आणि आ, अर्धा वेळ एकाच जागी. रस्त्यात कुणी एकट्याने म्हटलं तर लोक त्याला दवाखान्यात नेतील. मी व्हर्लीनकडे बघितलं, ती म्हणाली, म्हण की मुकाट्याने. मग मी आईच्या कानाशी तोंड नेलं आणि सुरू केलं. आवाज फाटका झाला होता, पण वाट पायाखालची होती. तिने माझ्या छातीवर हात ठेवला, सूर कुठून येतोय ते बघायला. पहिलं कडवं असंच गेलं. ती मधेमधे ओठ हलवत होती, वॉर्डेलचे शब्द बहुतेक. एमिलने वही मिटली होती आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

दुसरं कडवं संपत आलं. इथे सगळे थांबतात. खाली मी एकटाच सूर धरून राहतो, आठ मात्रा आणि मग पुन्हा आठ. मी तो सूर लावला. एकटा आवाज, वर काहीच नाही, आणि मला वाटलं, आता हे सोडावं, म्हातारीला उगाच कशाला...

आईने छातीवरचा हात दाबला. "थांबू नकोस," ती म्हणाली. आणि दुसऱ्या हाताचं बोट तिने उचललं, चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींना खूण करतात तसं, आणि मान वर केली, छपराकडे.

"आला," ती म्हणाली.

मला काही ऐकू आलं नाही, खोलीत कुणालाच आलं नसणार. पण तिचं बोट वर वर जात होतं, अगदी बरोबर तालात, जिथे तो वळायचा तिथे वळत होतं, आणि ती हसत होती. माझा दम संपत आला होता. वीस वर्षांचा असताना मी तो सूर सहज धरायचो. आता छाती भरून आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो अजून वर होता आणि खाली फक्त मी होतो, म्हणून मी श्वास न घेता तो सूर धरून राहिलो.